भाकरीच्या हातांचा ब्रेड

बायका ब्रेड शिकायला लागल्या की किश्शांना तोटा नसतो. फसलेला ब्रेड शेळीला घालून संपतो, किस्सा मात्र महिनाभर मधल्या सुट्टीत पुरतो!

आम्ही तिघी पेडगावच्या शाळेत शिकवतो. मी, मीना आणि सुनंदा. ब्रेडचं खूळ सुनंदाचं. तिच्या सासऱ्यांचं, आबांचं, तोंडाचं ऑपरेशन झालं आणि भाकरी चावेनाशी झाली. तेव्हापासून आबा घरच्यांसोबत जेवायला बसेनात. खोलीत एकटेच पेज प्यायचे. विकतचा ब्रेड आणला तर म्हणाले, "दवाखान्यात लय खाल्ला." मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही माझ्या घरी जमू लागलो. ओव्हन माझ्याकडं होता. लग्नात आलेला, तोवर त्यात पापड ठेवलेले.

*

पहिल्या शनिवारी मीनानं पीठ मळलं. भाकरीचं पीठ आपण कढत पाण्यात मळतो, तिनं तेच केलं. यीस्ट जागच्या जागी खलास! दोन तास परातीभोवती बसलो, पीठ हललं नाही. मीना शांतपणे म्हणाली, "यूट्यूबवरची बाई खोटं बोलायलीय."

*

दुसऱ्या खेपेला ब्रेड फुगला आणि वास गल्लीभर गेला. थोड्याच वेळात शेजारच्या काकू शहाळं घेऊन दारात. आमच्याकडं घरात ब्रेड दिसला म्हणजे कोणीतरी आजारी, हे ठरलेलं. सगळे ठणठणीत आहेत म्हटलं तरी काकूंना पटेना. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, तेव्हा कुठं गेल्या.

*

आम्हा बायकांना थांबायची सवयच नाही. पीठ मळलं की थापायचं, थापलं की तव्यावर. सुनंदा तर सारखी फडकं उचलून पीठ बघायची. एकदा मी चिडले. म्हटलं, बाई गं, परीक्षेत पोरांच्या डोक्यावर उभी राहतेस तशी पिठाच्या डोक्यावर नको राहू.

ती म्हणाली, "मला दम धरवत न्हाई गं. आबा रोज वाळायलेत."

मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी तिला कधी टोकलं नाही.

*

पहिला बरा ब्रेड तिनं घरी नेला. आबांनी एक तुकडा तोंडात धरला, गोड आहे म्हणाले आणि ताटली सरकवली. सोमवारी सुनंदा स्टाफरूममध्ये रडली. पुढच्या वेळी तिनं साखर चिमूटभरच घेतली आणि निम्मी ज्वारी घातली. त्याची वीट झाली. मग ज्वारी पाव हिस्सा केली आणि गोळा डब्यात घालायच्या ऐवजी परातीतच हातानं गोल थापला. जाडसर, मऊ, वर बोटांचे ठसे.

*

रविवारी दुपारी सुनंदानं घरी सगळ्यांची ताटं वाढली. आबांचंही वाढलं, त्यात तो थापलेला ब्रेड ठेवला. आबा दारात थोडा वेळ उभे राहिले, मग येऊन बसले. तो ब्रेड त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला, वरणात कुस्करला आणि हळूहळू अर्धा खाल्ला. कोणी त्यांच्याकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघतच होते.

मग आबांनी कांदा मागितला.

सुनंदा घाबरली. "आबा, कांदा चावंल का तुमाला?"

"चावायचा न्हाई," आबा म्हणाले. "भाकरीसंगं ताटात लागतो."