वजन मागे, पण चाकाच्या पुढे

आमच्या सोसायटीतले तोलकाका हातात येईल ती वस्तू आधी एका बोटावर आडवी धरून बघायचे. लाटणं, छत्री, झारा, माझ्या कंपासपेटीतली पट्टी, काहीही. वस्तू थोडी डुलायची, मग स्थिर व्हायची आणि काका समाधानाने म्हणायचे, "इथे आहे." काय आहे ते ज्याला कळायचं नाही त्याच्याकडे ते दयेने बघत. वजनाचा मध्य, दुसरं काय! दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव होतं, पण कुरिअरवालासुद्धा तोलकाका कुठे राहतात असंच विचारायचा.

मानपाड्याच्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने एक खोकं पाठवलं. त्यात पाइनचा एक ठोकळा, चार खिळे आणि चार प्लॅस्टिकची चाकं होती. तिकडे मुलं त्या ठोकळ्यातून गाडी कोरतात, खिळ्यांचे आस करतात आणि लाकडी उतारावरून ती सोडतात. इंजिन नाही, ढकलणं नाही, वजनाची मर्यादा सगळ्यांना सारखी. काका त्या खेळाच्या इतके नादी लागले की पुढच्याच वर्षी, सोसायटीच्या सत्यनारायणाच्या दिवशी, पार्किंगमध्ये प्लायवूडचा उतार उभा राहिला. तेव्हापासून ती प्रथाच पडली. लोक तीर्थप्रसाद घेऊन थेट खाली पळायचे. एका वर्षी तर भटजींनीही सोवळ्यातच एक गाडी सोडली.

मी समोरच्या ब्लॉकमधली, बँकेत नोकरी करणारी, सुताराच्या हत्यारांना कधी हात न लावलेली. माझी पहिली गाडी दिसायला फार देखणी होती, निमुळती आणि लालभडक. वजन सगळं नाकात भरलं होतं, कारण पुढून जड असली की पुढे पळेल असा माझा हिशेब. ती शेवटून पहिली आली. काकांनी मला घरी बोलावलं, गाडी बोटावर धरली आणि म्हणाले, "अगं, उतारावर जे मागे असतं ते जास्त उंचावर असतं. ते जास्त वेळ खाली येत राहतं, म्हणून गाडीला जास्त वेळ ढकलतं. वजन मागे, पण चाकाच्या पुढे." म्हणजे मागच्या आसाच्या अंगठ्याच्या पेराएवढं पुढे. त्याहून मागे गेलं तर नाक हलकं होतं आणि गाडी उतारावरची मधली पट्टी सोडून उडते. हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की भाजीची पिशवी स्कूटरला अडकवतानाही ते आठवायचं.

आसांच्या बाबतीत तर ते सोवळंच पाळायचे. खिळे पॉलिश पेपरने घासून आरशासारखे करायचे, वर पेन्सिलीची पूड. पुढच्या एका चाकाचा आस केसभर वर बसवायचा, म्हणजे ते चाक जमिनीला टेकतच नाही आणि घासणं वाचतं. काकूंचं म्हणणं, घरातही यांचं तसंच, तिघांनी राबायचं आणि यांनी अधांतरी फिरायचं. काका त्यावर हसायचे, पण आस हलवायचे नाहीत. माझ्या लग्नात त्यांनी डेकोरेटरला गाठून स्टेज डावीकडे जड झालंय म्हणून सांगितलं होतं. बिचाऱ्याने माझ्या सासूला आणि चुलत सासूला उठवून उजवीकडे बसवलं.

गाडीत भरायला शिसं लागायचं. ते आणायला काका ठाण्याला बाळकुमला जायचे, तिथल्या एका कोळी मित्राकडे. जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या तो त्यांना मूठभर द्यायचा, चहा पाजायचा आणि परत पाठवायचा.

गेल्या वर्षी पूजेच्या आधी काकूंनी मला हळूच आत बोलावलं आणि कपाटाचा खालचा खण ओढला. तो सहज ओढला जाईना. आत शिसंच शिसं होतं. काका जाऊन यायचे, विसरायचे, पुन्हा जायचे. मित्राने बोलून दाखवलं नव्हतं. दर वेळी मूठभर देऊन त्यांना नीट रिक्षात बसवून दिलं होतं. काकू रडल्या नाहीत, खण ढकलून उभ्या राहिल्या. मलाच तिथे थांबवेना.

काकांना कळत होतं. त्याच आठवड्यात ठोकळा घासता घासता ते म्हणाले, "आता मी जिंकायला गाडी करत नाही. डोकं जागेवर आहे का ते बघायला करतो. ज्या वर्षी वजन चुकेल, त्या वर्षी तू मला सांग. बाकीचे गोड बोलतील." मी सांगीन म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पूजेच्या दुपारी त्यांची गाडी सुटली. अर्ध्या उतारावर तिचं नाक वर उठलं, ती पट्टीवरून उडाली आणि एका स्कूटरखाली गेली. कोणी हसलं नाही, तेच वाईट होतं. पट्टीच खिळखिळी झाली असेल, असं चेअरमन म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी गाडी आणून काकांच्या हातात दिली. त्यांनी बोट खाली धरलं, पुढेमागे सरकवलं. गाडी स्थिर झाली तेव्हा बोट मागच्या आसाच्याही मागे होतं. काकांच्या कपाळाला आठी पडली, अगदी पूर्वीसारखी.

"कोणी केली ही?" त्यांनी विचारलं.

चूक त्यांना क्षणात सापडली होती. फक्त ती कोणाची, ते सापडत नव्हतं. शब्द दिला नसता तर मी पळून गेले असते.

"तुम्हीच, काका."

त्यांचा चेहरा पडला. मग गाडी माझ्या हातात ठेवून, काकूंचा दंड धरून जिना चढून गेले. त्या दिवशी प्रसादही तसाच राहिला.

आता ते दोघं बाळकुमला लेकीकडे राहतात. समोरच्या ब्लॉकला कुलूप आहे. त्यांच्याकडे जाताना मी ती गाडी नेते, कारण तेवढं एकच त्यांच्या ओळखीचं उरलंय. मला ते तू कोण म्हणून विचारतात, पण गाडी घेतल्याबरोबर बोट बरोबर खाली जातं. आठी पडते. कोणी केली ही, विचारतात. दुसऱ्या भेटीतही मी खरं सांगितलं होतं, आणि तोच चेहरा पुन्हा नव्याने पडताना पाहिला. दिलेला शब्द माणसाने किती वेळा पाळायचा?

आता मी सांगते, एका नवशिक्याने केली.

"शिकेल," काका म्हणतात, आणि गाडी जपून मला परत देतात.