यादीवाल्यांचं इंजिन

आमच्या यादीवाल्यांना शिंक आली असती, तरी त्यांनी आधी तिला नंबर दिला असता आणि मगच नाकातून सोडली असती. असा माणूस माझ्या घराच्या खालच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्याने राहिला, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. गंमत कसली डोंबलाची! फ्रिजवर यादी, बाथरूमच्या दारामागे यादी, चपलांच्या खणावर यादी. एकदा मी दूध द्यायला खाली गेले, तर चहाच्या डब्यावर चिकटवलेलं वाचलं : '१. गॅस तपासणे. २. पाणी ठेवणे. ३. उकळी.' चिंचणीच्या शाळेत मी आयुष्यभर पोरं शिकवली, त्यात एकाहून एक ढ निघाले, पण चहा करायला कॉपी लागणारा हा पहिलाच.

बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते देखभाल विभागात होते. मला वाटलं, मशिनं दुरुस्त करत असतील. तर तसंही नव्हतं. मशीन कसं खोलायचं, कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, ते हे गृहस्थ कागदावर लिहायचे आणि खोलायचे दुसरेच. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या ह्याच. मी एकदा तोंडावर विचारलं, "तुम्ही स्वतः कधी पाना हातात घेतलाय का हो?"

"नाही, बाई," ते म्हणाले. "फिटरचं काम फिटरनेच करायचं, असा नियम आहे. तो मीच लिहिलाय."

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, म्हणजे मला हसू का यायचं ते कळेल. माझे वडील मच्छीमार. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की बोटीचं इंजिन आमच्या अंगणात यायचं आणि जुन्या टायरवर बसायचं. एका बाजूला आई बोंबील साफ करतेय, दुसऱ्या बाजूला वडील इंजिन. दोघांचे हात सारखेच बरबटलेले. ना यादी, ना नंबर. जोडून झाल्यावर एखादा नट उरला तर वडील म्हणायचे, "जास्तीचा असल," आणि तो खिळ्यांच्या डब्यात जायचा. बोट चालायची. आता माझा धाकटा भाऊ दत्तू त्याच रीतीने ती चालवतो.

आणि ह्या यादीवाल्यांकडे गाडी कसली, तर पिवळी धमक, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट घासणारी स्पोर्ट्स कार. मुंबईतून कुणाची तरी जुनी घेतलेली. इंजिन पुढे नाही, बसायच्या जागेच्या मागे. पुढचं झाकण उघडलं की आत एक पिशवी मावेल एवढा खड्डा. आमच्याकडच्या गतिरोधकांवरून ती नेताना हे खाली उतरून, वाकून बघायचे आणि मग तिरकी करून काढायचे. कामाला जायचे कंपनीच्या बसने. गाडी फक्त रविवारी सकाळी वाणगावपर्यंत जाऊन यायची, जणू म्हातारीला फिरवून आणताहेत. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

इंजिनाचं लचांड माझ्यामुळेच सुरू झालं म्हणा. पोर्चमधल्या माझ्या फरशीवर तेलाचा डाग पडायला लागला. मी ओरडले. ते टॉर्च घेऊन आले, गुडघे टेकून त्या थेंबाकडे बघत बसले आणि उठून म्हणाले, "इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील गेलंय. इंजिन उतरवावं लागेल."

"एका थेंबासाठी?"

"थेंबासाठी नाही, बाई. थेंब कुठून येतो त्यासाठी."

मी म्हटलं, खाली डालड्याचा डबा ठेवा, आमच्या बोटी डब्यावरच म्हाताऱ्या झाल्या. नाहीतर गॅरेजला द्या. तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्यांदाच नंबर न घालता बोलले. "तीस वर्षं मी दुसऱ्यांनी काय खोलायचं ते लिहिलं. मेमध्ये रिटायर होतोय. एकदा मला स्वतःच्या हाताने खोलून, स्वतःच्या हाताने बसवायचंय. आणि मग ही गाडी मी चालवत मनोरवरून कराडला घरी नेणार. ट्रकवर चढवून नाही. बायकोला तसं सांगून ठेवलंय."

मी हसले. अगदी तोंडावर हसले. वाईट वाटलं का? अजिबात नाही.

दिवाळीनंतर मुहूर्त लागला. इंजिन वरून उचलायला त्यांनी एक घडीची क्रेन मागवली, चाकांवर फिरणारी. गाडीची लांबी मोजली, रुंदी मोजली, क्रेनचा हात मोजला, आणि माझ्या पोर्चचा स्लॅब मोजायला विसरले! क्रेनचा हात वर गेला आणि ठण्णकन स्लॅबला लागला. मग माझ्याकडे आले, स्लॅबला हूक मारू द्याल का विचारायला. मी म्हटलं, "हूक मारा, आणि त्यालाच मला लटकवा." तेवढ्यात दत्तू मासळी द्यायला आला होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पोट धरून हसला.

"सायेब, वर कशाला नेता? खाली सोडा ना. खाली जमीन हाय, ती कुठं जात नाय."

बोटीवरचे चौघे जण आले, जॅक आणले, लाकडी ठोकळे आणले, गाडी मागून उंच केली, आणि ते अख्खं धूड टायरवर अलगद उतरवून बाहेर ओढलं. पण प्रत्येक ठोकळ्याला हे हात वर करून थांबवायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे. दत्तू वैतागला. "सायेब, आमी इंजिन काडतो हाय का पोरीला बगायला आलोय?"

पुढचे महिने माझ्या पोर्चमध्ये जे चाललं त्याला काम म्हणायचं असेल तर म्हणा. संध्याकाळी बसमधून उतरायचे, कपडे बदलायचे आणि एकेक बोल्ट सोडवायचा. त्याचा फोटो काढायचा, त्याला पिशवीत घालायचं, पिशवीवर नंबर. त्यांच्याकडे एक पाना होता, ठरलेला जोर लागला की 'टक्' करणारा. तो नीट चालतो का म्हणून रोज आधी बाकाच्या बोल्टवर टक्टक करून बघायचे. शेजारच्या बायका भाजी निवडायला कुंपणाशी येऊन बसायच्या, टीव्ही बघायची गरजच उरली नव्हती. शेवटी एकदा ते सील निघालं. तळहातावर घेऊन धावत वर आले. बांगडीएवढी रबराची रिंग! डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथे उंदीरसुद्धा नव्हता. त्यांनी भिंग दिलं, म्हणाले, चीर बघा. मी बघितली आणि "बरं" म्हटलं.

एक मात्र कबूल करते. दिवाळीत त्यांची नखं कारकुनाची होती, स्वच्छ. होळीपर्यंत ती काळी झाली, आणि हा वेडा माणूस ती धूत नव्हता. बायकोला व्हिडिओ कॉल लावून नखं दाखवायचा. "बघ, बघ," म्हणून.

नवं सील आधी चुकीचं आलं, मग बरोबर आलं, असं करत एप्रिल उजाडला. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं, हळद घरीच, मांडव पोर्चपासून फाटकापर्यंत. त्यांना मी आधीच बजावलं होतं. ते म्हणाले, "रविवारी बसवायला घेतो, सोमवारी पोर्च तुमचा." शुक्रवारी त्यांनी सगळ्या पिशव्या सोडल्या, बोल्ट रॉकेलने धुतले, आणि पोर्चभर पांढऱ्या चादरी पसरून त्यावर ओळीने मांडले. ज्या क्रमाने बसवायचे त्या क्रमाने, प्रत्येकाखाली नंबराची चिठ्ठी. शनिवारी त्यांची ड्यूटी होती, ते गेले.

आणि शनिवारीच मांडववाला आला. दोन दिवस आधी! बांबूंनी भरलेला टेम्पो फाटकात, माणसं ताटकळलेली, पाहुणे पालघर स्टेशनवर उतरलेले, आणि माझ्या पोर्चमध्ये नट-बोल्टांची रांगोळी. माझं डोकं फिरलं. आमच्याकडे काम करणारी मंजू, मासवणकडची, अंगण झाडत होती. मी तिला म्हटलं, "हे सगळं उचल. घमेल्यात भर."

ती झाडू घेऊन तशीच उभी राहिली. "बाय, सायेबांनी वळीनं मांडलाय ना? चादरी तशाच धरून आत नेऊ का?"

"एवढा वेळ आहे का? लोखंड आहे ते, नासत नाही. भर म्हणते ना!"

तिने भरलं. चिठ्ठ्या झाडून टाकल्या. एकही बोल्ट हरवू दिला नाही, फरशीच्या फटीतले दोन वॉशरसुद्धा हेअरपिनने काढले. गाडी मांडववाल्यांनी मिळून उचलून मागच्या अंगणात ठेवली आणि इंजिन टायरसकट ओढून नेलं.

संध्याकाळी यादीवाले आले. मीच पुढे झाले, वर तोऱ्यात म्हटलं, "तुमचं सगळं नीट ठेवलंय हो. एक हरवला नाही." ते घमेल्याशी उकिडवे बसले. आत हात घातला, मूठभर बोल्ट वर काढले, परत सोडले. मग म्हणाले, "लग्नघर आहे. चालायचंच." हळदीला आले, मुलीच्या गालाला हळद लावली, आहेर दिला, जेवून गेले.

लग्नानंतर ते रोज मागच्या अंगणात बसायचे, मापं घेत, फोटो बघत. सारखे दिसणारे बोल्ट, लांबीत केसाचा फरक. निम्मेसुद्धा जुळेनात. दत्तू म्हणाला, "सायेब, मी बसवतो अंदाजानं. दोन दिसांत चालू करून देतो." ते म्हणाले, "अंदाजाने नको, दत्तू. मग ते माझं राहणार नाही." दत्तू मला येऊन म्हणाला, येडा माणूस हाय. मीही तेच म्हटलं. मला तेच म्हणणं सोयीचं होतं.

मे संपला. ते रिटायर झाले, आणि फाटकाशी ट्रक आला. पिवळी गाडी दोरांनी बांधून वर चढवली, तिच्या मागे इंजिन, ताडपत्री घातलेलं. यादीवाले ड्रायव्हरशेजारी बसायला निघाले, घमेलं काखेत घेऊन. मंजू त्यांची बॅग घेऊन शेजारी उभी होती. त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, ज्यांनी ते आवरलं त्यांना बोलू नका हं. 'हात लावू नये' अशी पाटी ठेवायला मीच विसरलो. चूक माझी."

तेव्हा तोंड उघडायची वेळ होती. मी उघडलंही. म्हटलं, "अहो, ह्या अडाणी बायकांना काय कळतं! सांगून ठेवलं तरी करायचं तेच करतात."

मंजूने माझ्याकडे बघितलं. मग बॅग वर दिली आणि त्यांना म्हणाली, "चुकला माजा, सायेब."

त्यांनी तिला हात जोडले. ट्रक हलला. आणि पोरांना जन्मभर खरं बोलायला शिकवणाऱ्या मी गुपचूप फाटक लावून घेतलं.