बेटावर अडकलेले तीन दिवस

यवतमाळच्या कॉलेजात मी वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते. मुलांना प्रवाळ दाखवलं ते बरणीतलं, फिकट पडलेलं. ते जिवंत पाहावं म्हणून मागच्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर अंदमानला गेले. स्वराज द्वीपवर पहिल्याच सकाळी पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरले. खाली जांभळ्या फांद्यांमध्ये पोपटी मासे चरत होते. मास्कच्या आत मला रडू आलं, आनंदानं.

वर आले तर नवऱ्यानं फोन पुढं केला. फुलसावंगीला माहेरी राहणारा धाकटा भाऊ बोलत होता.

"ताई, बाबांले साप चावला. पराटीत कापूस येचून राह्यले होते, हाताले चावला."

"कोनता साप?"

"कोनालेच दिसला नाही. हात सुजून राह्यला. आम्ही गाडीत हाओत, उमरखेडच्या दवाखान्यात चाललो."

"हाताले काही बांधलं का?"

"दोरी बांधली न, घट्ट."

घट्ट बांधू नये, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण बांधलेलं एकदम सोडणंही धोक्याचं.

"आता सोडू नको. दवाखान्यात डॉक्टरसमोरच..."

फोन कटला. त्यानं किती ऐकलं, कळलं नाही.

दुपारपासून वारा सुटला. नेटवर्क गेलं ते गेलंच. मी बॅग भरून धक्क्यावर गेले. तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "हवा तेज है मॅडम. बोट नहीं जाएगी. कल का भी भरोसा नहीं."

दुसऱ्या दिवशी क्षणभर नेटवर्क आलं आणि एक मेसेज शिरला. 'बाबांले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आनलं. आयसीयूत हायेत.' माझं घर त्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, आणि मी धक्क्यावरच्या बाकावर बसलेली. नवरा हळूच म्हणाला, "तिथं असतीस तरी काय केलं असतंस?" ते खरंच होतं, म्हणून मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी बोट सुटली. मी पोचले तेव्हा बाबा वॉर्डात आले होते. जीव वाचला, पण काळी पडलेली दोन बोटं काढावी लागली होती. उजवा हात बँडेजमध्ये होता आणि आई त्यांना वरणभात भरवत होती.

मी ताट घ्यायला हात पुढं केला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तिले जमते आता."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले.