शेवट न ऐकलेली धून

जगातली कुठलीच गोष्ट सरळ जन्माला आली नाही असं मानणारा अख्ख्या चाकणमध्ये एकच माणूस होता, आणि आमच्या कंपनीच्या मालधक्क्यावर नेमका तोच माझ्या जोडीला आला. काका राजगुरुनगरकडचे. काम एवढंच, की मागे येणाऱ्या ट्रकला हात दाखवायचा; पण तोंडात सदा खेळांच्या नि गाण्यांच्या कुळकथा. भजनातली पेटी म्हणे परदेशात पायानं भाता मारून वाजवायचे; आपण मांडी घालून बसणारे, म्हणून भाता हाताशी आला. बॅडमिंटनला आधी 'पूना'च म्हणत. "कायदे केले गोऱ्यांनी, आन् आपल्या वाट्याला त्यांनी मारलेली फुलं गोळा करायचं काम!" हे ते इतक्या रागानं सांगत, जणू ती फुलं त्यांनीच वेचली होती. मी नववीतून शाळा सोडलेला. हिंगोलीहून आलो तेव्हा कँटीनमध्ये कुणाशेजारी बसायलाही भ्यायचो. काकांनी अर्धी भाकरी पुढं सरकवली आणि तोंडी लावायला सापशिडी. "जुन्या पटावर साप जास्त, शिड्या कमी. गोऱ्यानं दोन्ही सारखं केलं, पोरं रडू नयेत म्हणून. आपली कंपनी मातुर जुन्याच पटावर खेळती राव."

पण त्यांचा खरा जीव ट्रक रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या धुनेत. "कुण्या परदेशी पियानोवाल्यानं एका पोरीसाठी बांधली. ती पोरगी कोण, आजून कुणाला नक्की ठावं न्हाई. आन् आपण तिच्या नावानं माल उतरवतोय!" गाडी धक्क्याला टेकली की धून मधेच तुटायची, हे त्यांना सोसत नसे. म्हणून ते गाडी पार गेटपासून उलटी आणवत.

"ओ काका, गाणं ऐकवायला आलोय का मी?" ड्रायव्हर ओरडायचा.

"शेवट तर येऊ दे की भावा!"

दिवाळीनंतर ब्रेक सुरू झाले. कंत्राटी माणूस कायम होऊ नये म्हणून त्याला मधेच घरी बसवतात, त्याला ब्रेक म्हणतात, जसा काही चहाचाच आहे. परत बोलावतील याची खात्री नाही. आमच्या दोघांतला एक जाणार होता. "नवा तू, तूच जाशील," सुपरवायझर म्हणाले. गावाकडची चूल माझ्यावर. काका शेजारीच एका ट्रकला हात दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब धक्क्यावर उभे असताना काकांनी एक ट्रक गेटपासून उलटा आणवला, पुन्हा गेटला पाठवला, पुन्हा आणवला. बाहेर गाड्यांची रांग हायवेला टेकली.

"काय चाललंय हे?"

"थांबा साहेब, शेवट येतोय."

"उद्यापासून घरीच ऐका!"

"काका, मुद्दाम केलंत?" मी विचारलं.

डबा आवरत ते म्हणाले, "नव्याण्णववर साप असतोच पोरा. त्याला कुणीतरी गिळायला लागतं. मी म्हातारा, आता लई गोड लागायचो न्हाई, एवढंच."

त्यांना परत बोलावलं नाही. निरोपाचा साधा चहासुद्धा कुणी पाजला नाही. आता हात मीच दाखवतो. ट्रक मागे येतो, ती धून वाजू लागते, आणि थांबायचा हात मी जरासा उशिरा वर करतो. तरी ती मधेच तुटते.