थांबा म्हणणारा आवाज

सत्तरच्या दशकात माझा देवावरचा विश्वास हळूहळू विरत गेला होता. जन्म जांब समर्थ गावचा, लहानपण राममंदिराच्या ओट्यावर गेलेलं. पण शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मेंदूचा डॉक्टर झालो आणि कंपवातावर संशोधन करू लागलो. रोग्याला जागं ठेवून मेंदूत बारीक सुई न्यायची, टोकाशी हलकी वीज सोडायची. जागा बरोबर असली की थरथरणारा हात थांबे. मग तोच ठिपका उष्णतेनं जाळायचा. कधी जागा जराशी चुकली की एखाद्याला विनाकारण रडूही येई. मन म्हणतात ते एवढंच असेल, तर देवाला जागा कुठे उरते, असं मला वाटू लागलं होतं.

त्या दिवशी टेबलावर धावडा गावच्या गिरजाबाई होत्या. नवरा शाळामास्तर, घर बौद्ध. उजव्या हाताच्या कंपामुळे बाईंना घास तोंडापर्यंत नेता येत नसे. सर्जन डोक्याशी, मी बाईंचा उजवा हात धरून बाजूला. वीज सोडली आणि हात शांत झाला. आम्हाला हायसं वाटलं. तेवढ्यात बाईंना जोराचा खोकला आला. तो थांबल्यावर सर्जन उष्णता देणार, इतक्यात बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला : "थांबा. जरा थांबा."

मी हात वर केला. सर्जन म्हणाले, "काय झालं?"

"बाई थांबा म्हणाल्या."

"मला नाही ऐकू आलं."

तरी मी पुन्हा एक्स-रे काढायला लावला. खोकल्यात सुई सरकली होती. त्या जागी उष्णता दिली असती, तर बाईंचं अर्धं अंग कायमचं लुळं पडलं असतं. सुई परत जागेवर आणली आणि शस्त्रक्रिया पार पडली.

काही महिन्यांनी मी तपासणीसाठी धावड्याला गेलो. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बुद्धाच्या तसबिरीपुढे बाईंनी स्वतः मेणबत्ती लावली. काडी धरलेला हात जरासुद्धा हलला नाही. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुम्ही थांबा म्हणालात, म्हणून वाचलात."

बाई माझ्याकडे वळल्या. "मी कुठं बोलले, साहेब? माझी तर दातखीळ बसल्ती. तुम्हीच म्हणाल्ते."

"मी काहीच बोललो नव्हतो."

"आवाज बिलकुल तुमचाच होता. पण तुमच्या पाठीमागून आल्ता." बाईंनी पदर घट्ट लपेटला. "मला लई भ्या वाटलं. यांनाबी सांगितलं न्हाई."

मास्तरांनी चमकून बाईंकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे त्या दिवशी भिंत होती. त्या घरातही मी भिंतीला टेकून बसलो होतो. मान वळवून बघायचं धाडस मात्र झालं नाही.

परतताना वाट वाकडी करून जांबला गेलो. रामापुढे कितीतरी वर्षांनी हात जोडले, आणि काय मागावं ते सुचेना.

पुढे आयुष्यभर हेच काम केलं. मेंदूतली कोणती जागा हात थांबवते, ते मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. त्या दिवशी माझा हात कुणी वर केला, हे मात्र शोधायला गेलो नाही. ज्यानं केला त्याला ठाऊक आहे. मी त्याचा ऋणी आहे, आणि एवढं मला पुरतं.