एक पाय, एक गोळा आणि भाऊकाका

आमच्या घिवलीच्या घरात एक नियम होता: माझा नकली पाय बाहेरच्या कुणाला दिसता कामा नये. का, हे विचारायचं नाही. भाऊकाका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, म्हणाले म्हणजे झालं! दहाव्या वर्षी ट्रकखाली माझा उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गेला, तेव्हापासून हे असंच. पण झाकलेल्या गोष्टीचेच किस्से जास्त होतात. माझ्याकडे तर इतके साठलेत की मैत्रिणी जमल्या की चहा दोनदा ठेवावा लागतो.

*

पालघरला कॅनव्हासचे बूट घ्यायला गेले. दुकानदाराने मोज्यावरूनच उजवा बूट चढवला आणि अंगठ्यापाशी दाबून विचारलं, "ताई, इथे टोचतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

तो खूश! "बघा, पाय असा पाहिजे. नाहीतर गिऱ्हाइकं नुसती कुरकुर करतात!"

शेजारी काका होते. मी म्हटलं, "द्या बांधून."

*

कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी मला अपंगांच्या स्पर्धेसाठी गोळाफेक शिकवायचं ठरवलं. पण गोळा कुठे होता? शेवटी कुंभवलीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर करून घेतला. कारागिराने तो फिरवून फिरवून बघितला.

"दीदी, ये कौन सी मशीन का पार्ट है?"

"मेरा!"

*

माझ्या गटात नकली पाय काढून, खुर्चीत बसून फेकायचं असतं. खुर्ची हलू नये म्हणून घरातली एक लाकडी खुर्ची वाडीतल्या नारळाला काथ्याने बांधली. पहिल्याच दिवशी मी असा जोर लावला की खुर्चीचा उजवा पाय मोडला!

माझी मैत्रीण सुली, कोळीवाड्यातली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घे! ही तर तुजी सख्खी बहीण झाली!"

काकांना सांगितलं, वाळवी लागली होती.

*

पहिल्या स्पर्धेत डॉक्टर पाय तपासून गट ठरवत होते. म्हणाले, "दाखवा."

मी सवयीने विचारलं, "काकांना विचारलंत?"

"कोण काका?"

आयुष्यात इतका सुंदर प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

*

पुढे देशाच्या संघात निवड झाल्याची तार आली. परदेशात जायचं! काका म्हणाले, "आधी लग्न. मग काय ते सासरचे ठरवतील." बाबांनी मान डोलावली. आणि रविवारी बेटेगावची मंडळी मला बघायला आली. पायाबद्दल त्यांना कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"साडी लांब नेस आणि बसूनच राहा," काकांनी बजावलं.

पोहे झाले. मग मुलाची आत्या तेच म्हणाली, जे आमच्याकडे बघायला आलेले प्रत्येक मुलीला म्हणतात. "बाय, जरा चालून दाखव बगू."

"तिच्या पायात काटा गेलाय!" काका घाईघाईने म्हणाले.

"कंच्या पायात?" आत्याने विचारलं.

मी उठले. "काटाबिटा काही नाही. मी चालून दाखवणार नाही, आणि लग्नही करणार नाही. फेकून दाखवते. वाडीत या."

सगळे खरंच आले! दुरुस्त केलेली खुर्ची नारळाला बांधलेलीच होती. मी बसले, साडी आवरली, पट्टे सोडले, पाय काढला आणि काकांपुढे धरला.

"काका, हा जरा धरा."

त्यांनी धरला.

गोळा कुंपणावरून शेजारच्या वाडीत जाऊन पडला.   काका माझा पाय दोन्ही हातांत घेऊन उभे, नैवेद्याचं ताट धरावं तसे.