पीडितेचा जबाब
शारजात मुलाकडे राहायला आल्यापासून ते प्रकरण काही पाठ सोडत नाही. इमारतीच्या लिफ्टमध्ये 'फॅमिली शेअरिंग'ची, म्हणजे फ्लॅटमधली एक खोली दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने द्यायची चिठ्ठी चिकटवलेली दिसली, की माझं डोकं फिरतं.

निवृत्तीपूर्वी मी कोकणातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना शारजाहून फोन आला. बोलणारा आमच्याच हद्दीतला. आपल्या फ्लॅटमधली एक खोली त्याने गावच्याच, लहान मुलगी असलेल्या एका जोडप्याला भाड्याने दिली होती.

"साहेब, माझ्याकडे राहतो तो सेक्स ऑफेंडर निघाला. गावच्या ग्रुपवर फोटो आलाय, प्रूफ आहे. माझ्या घरात मुली आहेत. यल्ला निघ म्हटलं, खलास! बरोबर केलं ना?"

"आणि त्याची बायको, मुलगी?"

"त्यांना पण काढलं. सॉरी साहेब, रिस्क कोण घेणार?"

फोटो मागवून पाहिला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लैंगिक गुन्हेगारांच्या देशभरच्या नोंदणीतलं ते पान होतं. ही नोंदणी फक्त पोलिसांनी पाहायची असते. फोटोच्या कडेला संगणकाशेजारचा आमच्याच ठाण्याचा वायरलेस सेट दिसत होता.

त्या भाडेकरूची जुनी फाईल काढली. मुलगी अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी, मुलगा नुकताच विशीत आलेला. लग्न करायचं म्हणून दोघं घरातून पळाली. तिच्या बापाने तक्रार दिली, मुलाला शिक्षा झाली. तो सुटून आल्यावर तिने त्याच्याशीच लग्न केलं आणि दोघांनी आखातात संसार थाटला. नोंदणीत यातलं काहीच येत नाही. तिथे नाव, फोटो आणि कलम, एवढंच.

संगणकावर बसणाऱ्या हवालदाराला केबिनमध्ये बोलावलं. तो आल्या आल्या मुलाबाळांच्या शपथा घेऊ लागला. न विचारता शपथा घेणाऱ्याला फार विचारावं लागत नाही, हा माझा नोकरीभरचा अनुभव. फोटो समोर ठेवून मी त्याच्यासाठी चहा मागवला. तो तसाच निवला.

"साहेब, गल्फला गेलेल्या माणसाची चौकशी गाववाले ठाण्यात करतातच. माणूस कसा आहे, एवढंच विचारलं होतं."

"कोणी?"

"त्याच्या बायकोच्या बापाने."

म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. तो ताठ मानेने बसला. "मी काय खोटं पसरवलं? सरकारी कागदच दाखवला. वाटलं, तो एकटाच रस्त्यावर येईल."

"आणि तुमची नात?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

गुन्हा दाखल झाला, हवालदार निलंबित झाला. पण दुबईपासून अबुधाबीपर्यंत पोचलेला फोटो कोण परत आणणार? नवरा दुबईतल्या देऱ्यात एका खाटेपुरत्या जागेत राहू लागला. बायको मुलीला घेऊन गावी परतली आणि तिने थेट उच्च न्यायालयात याचिका केली. म्हणणं ऐकून न घेता केलेली आणि कधीच न पुसली जाणारी अशी नोंद सन्मानाने जगण्याचा घटनेतला हक्क हिरावते, असं तिचं म्हणणं. सरकारचं उत्तर आलं की नोंदणी पीडितांच्या रक्षणासाठी आहे. याचिकेला अजून तारखाच पडताहेत.

नोंदणी नको, असं मी म्हणणार नाही. ज्यांची नावं तिथे जन्मभर राहायलाच हवीत, असे नराधम मी माझ्या हातांनी पकडले आहेत. पण त्यांना आणि या पोराला एकाच रांगेत उभं करणाऱ्या कायद्याची मला चीड येते. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की कलम वाचून माणूस कळला असं समजणं हा आळस आहे, आणि तो आळस आमच्या खात्याने आणि कायद्याने मिळून केला.

फोटो फुटल्याच्या गुन्ह्यात मी त्याच्या बायकोचा जबाब घेतला. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. सही करण्याआधी तिने विचारलं, "साहेब, त्या केसमधली पीडित मीच ना? मग माझा संसार मोडून तुम्ही वाचवलंत कुणाला?"

तो प्रश्न मी जबाबात शब्दशः लिहिला. वरिष्ठांकडून कागद शेरा मारून परत आला: अप्रस्तुत मजकूर वगळावा.